मिशाळांचं दार

दुसरा दिवस उजाडला तरी दारावरचे ठोके थांबले नव्हते. एखादा ठोका ओलं पोतं आपटल्यासारखा, एखादा नुसता टिचकीएवढा. दारवालीने चहाचं आधण चुलीवर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. साखर दोनदा पडली. नवऱ्याने एक घोट घेतला आणि कप बाजूला सरकवला.

"पाक केलाय नुसता."

"तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतं ना. म्हणूनच सांगतो, कान बंद कर आणि बस खाली. कालपासून पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरतेस."

ती बसली. ठोका पडला. ती उठली.

नदीला आडवा दगडी बंधारा होता. त्याच्या मधोमध पुरुषभर उंचीचं लोखंडी दार आणि दाराच्या डोक्यावर ते वरखाली करायचं चाक. बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबायचं आणि काठाच्या पाटाने शेतांकडे जायचं. चाक फिरवणारा तो दारवाला, म्हणून त्याची बायको दारवाली. नवखा माणूस हमखास 'दारूवाला' ऐकायचा आणि हळूच बाटलीची चौकशी करायचा. नवरा भडकायचा. ती म्हणायची, "आहे की, नदी भरून आहे. किती मोजू?"

बंधाऱ्याच्या टोकाला दोन खोल्यांचं सरकारी घर होतं. त्यात ती बावीस वर्षं राहत होती. लेक तिथूनच लग्न होऊन गेली. पण गेली चार वर्षं त्या घरात एक गोष्ट लपवलेली होती. चार वर्षांपूर्वी पुरात एक ओंडका दाराखाली अडकला, चाक उलटं फिरलं आणि त्याच्या दांड्याने नवऱ्याला पाठीवर आडवा केला. हाड मोडलं नाही, पण कंबरेतली ताकद गेली ती गेलीच. भरली कळशीही उचलता येईना. नोकरी रोजावरची. चाक फिरवता येत नाही हे कचेरीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घर खाली करायला सांगितलं असतं. मग दारवालीने त्याचा खाकी सदरा लुगड्यावर चढवला, डोक्याला त्याची टोपी घातली आणि चाकाला हात घातला. लांबून पाहणाऱ्याला दारवालाच दिसायचा. सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी वहीत तो लिहायचा. हात तिचे, अक्षर त्याचं. दार पूर्ण उचलायला ब्याऐंशी फेरे लागत. तिच्या तळहातांवर घट्टे पडले, खांदे रुंद झाले, चोळ्या उसवून नव्याने शिवाव्या लागल्या. नवरा ते बघायचा आणि नजर फिरवायचा.

यंदा चाकाला हात लावायची वेळच आली नव्हती. आभाळ कोरडं होतं. कचेरीतून कागद आला होता: पाणी खुणेखाली जाता कामा नये, दार उचलायचं नाही. मागच्या वर्षीही तेच, त्याच्या मागच्याही. पण दूर वरच्या डोंगरात पाऊस झाला, नदीला गढूळ, थंड पाणी आलं, थोडं बंधाऱ्याच्या कडेच्या सांडव्यावरून खाली पडू लागलं आणि त्या पाण्याच्या वासावर मिशाळ मासे निघाले. खालच्या डोहांतून चढत चढत ते बंधाऱ्याशी आले. पुढे दार बंद.

*

दहाच्या सुमाराला तिचा धाकटा भाऊ आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर ठिबकणारं पोतं.

"ताई, मोठं भांडं काढ."

त्याने दोन मिशाळ फरशीवर ओतले. हातभर लांब, पाठ शेवाळी, कुशी तांब्याच्या, एकेक खवला अंगठ्याच्या नखाएवढा. ओठ जाड, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन मिश्या. एक नर होता. त्याच्या नाकाडावर पांढरे बारीक काटे फुटले होते. ते फक्त याच दिवसांत येतात आणि नंतर झडून जातात. दुसरी मादी. तिचं पोट फुगून एका अंगाला कललं होतं.

"खाली जत्रा भरलीये," भाऊ म्हणाला. "जाळं टाकायचीसुद्धा गरज नाही. उभं राहायचं आणि मासा अंगावर येतो. लोक काठ्यांनी मारतायत, टोपल्यांनी गाळतायत. एकाने तर मच्छरदाणी आणलीये, बायकोला विचारून आणलीये का कोण जाणे."

दारवालीने मादीच्या पोटावर सुरी ठेवली. नुसती टेकवली तर अंडी बाहेर आली, मोहरीएवढी, पिवळसर, थांबेचनात. सुरीला चिकटली, बोटांना चिकटली, फरशीला चिकटली. तिने हात धुतले तरी ती निघेनात. ती दगडालाच चिकटायला केलेली होती.

तेवढ्यात दारात सावली पडली. आबा आले होते, तिचे वडील. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. खालच्या वस्तीपासून जाळ्याच्या काठीवर भार टाकत आले होते. त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"मासा खातोस की बी खातोस?"

"आबा, सकाळपासून तिसऱ्यांदा झालं हे."

"चौथ्यांदाही होईल. मादी मारली की नाही?"

"मी एकट्याने मारली? खाली तीस माणसं उभी आहेत. मी हात जोडून काठावर बसलो तर ते घरी जाणार आहेत का? तुमच्या वाट्याची मारतील आणि वर हसतील."

आबा उंबऱ्यावर बसले आणि गुडघा चोळू लागले. मग लेकीला म्हणाले, "यंदा उन्हाळ्यात जाळ्यात जे आले ते सगळे असे हातभराचे. वीतभर मासा एक नाही. बोटभर तर नाहीच. तुला कळतंय का मी काय म्हणतो?"

"कळतंय."

"मिशाळ अंड्यावर यायला पाच वर्षं लागतात. हे सगळे जुने आहेत. घरात नुसती म्हाताऱ्यांची पंगत, आणि पोर एक नाही. दोन वर्षं दार बंद. हे तिसरं. अजून एक-दोन वर्षं, की ठोके वाजायचे नाहीत. मग निवांत झोपा."

"एक वीत उचललं तर?" तिने विचारलं आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. नवऱ्याच्या खाटेची करकर थांबली होती.

"नाही. वीतभर उचललंस तर फटीतून पाणी असं सुटेल की मासा मागे फेकला जाईल. वरचं पाणी आणि खालचं पाणी जवळजवळ एक व्हायला पाहिजे. दार पूर्ण वर. नाहीतर हात लावू नको."

"पूर्ण उचललं तर पाट कोरडा पडेल, आबा. शेतांची पाळी चुकेल. आणि आम्ही..."

"मी काही बोललो का?" आबा म्हणाले. "मी फक्त पाण्याचं सांगितलं."

*

दुपारी पाटकरी आला. पाटाच्या पाण्याची पाळी लावणारा हा माणूस सायकलवरून पाटाच्या कडेने फिरायचा आणि इथे चहाला थांबायचा. त्याची सायकल दिसताच नवरा खाटेवरून उठला, खुर्चीवर ताठ बसला, मांडीवर वही घेतली. ताठ बसताना त्याच्या ओठावर घाम फुटायचा. पाटकरी तो घाम पाहायचा की नाही, कळायचं नाही.

"काय दारवाले, मासे दार ठोठावतात आणि तुम्ही उघडत नाही? पाहुण्यांना असं वागवतात का?"

"हुकूम आहे."

"आहे ना. परवा शेवटच्या टोकाचा एक शेतकरी माझी गचांडी धरायला आला होता. म्हणतो, माझी पाळी आठ दिवसांवर गेली. मी म्हटलं, मी काय पाणी मुततो? खुणेवर आहे ना पातळी?"

"चार बोटं वर."

"तेवढी ठेवा. साहेबांचं डोकं आधीच गरम आहे." त्याने कप खाली ठेवला आणि दारवालीच्या हातांकडे पाहिलं. "वहिनी, हात फार राकट झाले तुमचे. कपडे आपटता की दगड?"

"नवऱ्याचे कपडे आहेत," ती म्हणाली. "दगडासारखेच."

पाटकरी हसत गेला. नवरा वही मिटून तसाच बसून राहिला. मग खाटेवर जाताना त्याने भिंतीचा आधार घेतला, आणि ती धरायला आली तेव्हा तिचा हात झटकला.

ती बंधाऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली गेली. दाराखालच्या सिमेंटच्या उतारावर माणसंच माणसं होती. पाण्याला चिखलाचा आणि खवल्यांचा वास येत होता. एक मोठी मादी पाण्याबाहेर उसळली, दारावर आपटली, उतारावर पडली, घसरत पाण्यात गेली आणि पुन्हा आली. तिचं नाकाड फुटलं होतं. सिमेंटवर ती जिथे घासत गेली तिथे अंड्यांची पिवळी रेघ उमटली होती. त्या रेघेवर एका माणसाने पाय दिला, घसरला, आणि सगळे हसले. दारवालीही हसली असती, दुसऱ्या एखाद्या दिवशी.

तिने भिजलेलं गोणपाट उचललं, त्या मादीवर टाकलं, तिला छातीशी धरलं आणि पायऱ्या चढायला लागली. मासा अंगात जोर धरून होता. दर पायरीला शेपटीचा फटका तिच्या पोटात बसत होता. चौतीस पायऱ्या. वर पोचून तिने बंधाऱ्याच्या पलीकडे उथळ पाण्यात गोणपाट उलगडलं. मादी कुशीवर पडून राहिली. दारवालीने तिला दोन्ही हातांनी सरळ धरलं, तोंड प्रवाहाकडे करून. कल्ले उघडले, मिटले. मग हातात एक झटका आला आणि हात रिकामे झाले.

आबा वर बसूनच बघत होते. "जगली?"

"गेली."

"आण अजून."

संध्याकाळपर्यंत तिने अकरा मासे वर नेले. चार वाटेतच मेले. दोन पाण्यात सोडल्यावर पोट वर करून तरंगत बंधाऱ्याकडेच परत आले. भाऊ खालून ओरडला, "ताई, नदी चमच्याने भरतेस का?" लोक पुन्हा हसले. बाराव्या खेपेला तिचा पाय सटकला आणि गुडघा फुटला. मासा हातातून उडाला, पायऱ्यांवरून टप्पे खात खाली गेला, आणि एकाने तो अलगद टोपलीत झेलला. "उपकार झाले, दारवाली!"

घरी आली तर नवरा खिडकीशी उभा. त्याने सगळं पाहिलं होतं.

"शोभा करून घेतलीस."

"हो."

"तुझ्या माशांपायी माझी नोकरी जाईल."

तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पोट माशांच्या फटक्यांनी दुखत होतं. नाहीतर ती बोलली नसती. "तुमची नोकरी? ती तर माझ्या हातांवर चाललीये."

चार वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. नवऱ्याने भात अर्धवट टाकला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. ती बराच वेळ भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा पुन्हा.

*

तिसऱ्या दिवशी वरून आणखी पाणी आलं. सकाळी पातळी बघायला गेली तेव्हा तिला दिसलं की सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याने खालचं पाणी चढून सिमेंटचा उतार बुडाला आहे. वरच्या आणि खालच्या पाण्यात जेमतेम हातभराचा फरक राहिला होता. आबा काल रात्री इथेच राहिले होते. ते काठावर उभे राहून पाण्याकडे बघत होते. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि तेच तिला जास्त टोचलं.

ती घरात आली, केर काढला. घागर भरली, ओतली, भरली. खुंटीवरच्या सदऱ्याला हात लावला आणि काढून घेतला. ठोके आता कमी झाले होते. काल मिनिटाला दहा-बारा पडत. आता एक पडला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. ठोक्यांनी ती हैराण झाली होती. आता शांततेने जीव कासावीस झाला.

दुपारी ऊन डोक्यावर असताना ती लुगड्याचा पदर खोचून सरळ चाकापाशी गेली. सदरा नाही, टोपी नाही. कठड्यावरून वाकून ओरडली, "उतारावरून बाजूला व्हा! दार उचलतेय! पोरंबाळं घेऊन काठावर जा!"

खाली एकच गलका झाला. "ही कोण उचलणार?" "दारवाल्याला बोलवा!" भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. या घराला किती धोका आहे हे खाली फक्त त्यालाच ठाऊक होतं. "ताई, वेडी झालीस का?"

"हो. तू लोकांना बाजूला काढ."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग वळला आणि एकेकाचा दंड धरून काठाकडे ढकलू लागला. मच्छरदाणीवाला हलेना, तेव्हा त्याची मच्छरदाणीच घेऊन पळाला.

तिने दांडा धरला. दोन महिने वंगण न लागलेलं चाक पहिल्यांदा हललंच नाही. तिने पाय कठड्याला लावला आणि सगळं अंग मागे टाकलं. लोखंड किंचाळलं, आणि चाक एक फेरा फिरलं. मग दुसरा. आठव्या फेऱ्याला दाराखालून पाणी सुटलं, पांढरं, फुसांडत. आबा म्हणाले होते तसंच झालं. समोर आलेला एक नर फटक्यासरशी वीस हात मागे फेकला गेला. थांबून चालणार नव्हतं. वीस. तीस. तिला दम लागला, आकडा चुकला. चौतीस की छत्तीस?

"सदतीस," मागून आवाज आला.

नवरा आला होता. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात वंगणाचा डबा. कठड्याला धरत, एका अंगावर वाकत तो तिथवर चालत आला होता, आणि खालची तीसही माणसं ते वाकणं बघत होती. त्याने बोटांनी वंगण घेतलं आणि चाकाखालच्या स्क्रूच्या आट्यांत भरलं.

"आता ओढ. अडतीस."

तिने ओढलं.

"एकोणचाळीस. उजवा खांदा खाली घे, सगळं डाव्यावर घेतेस. चाळीस."

चार वर्षांत त्याने तिला चाकाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. आता प्रत्येक फेरा तो मोठ्याने मोजत होता, साठ, एकसष्ट, आणि तिच्या हातांना ते आकडे धरायला मिळाल्यासारखे झाले. सत्तराच्या पुढे तिचे तळहात फाटले. ब्याऐंशीला दार चौकटीच्या वरच्या टोकाला लागलं आणि ती चाकाला धरूनच खाली बसली.

वरचं पाणी उतरायला पाऊण तास गेला. फेस विरला, आवाज खाली आला, आणि दाराच्या जागी नुसता एक लांब, गुळगुळीत उतार राहिला. काठावरच्या माणसांना आता मासे दिसत होते, पण पाणी इतकं ओढ घेत होतं की कोणी उतरेना. पहिला मिशाळ आला तो चौकटीखाली थबकला. आबा कठड्यावर पोटावर आडवे झाले होते. मासा शेपटी थरथरवत एकाच जागी राहिला, मग तळाला चिकटून, दगडाच्या सावलीसारखा, वर सरकला आणि गढुळात नाहीसा झाला. मग दोन. मग सात-आठ एकत्र, मधे एक मादी आणि बाजूंना नर, तिच्या पोटाला नाकाडं घासत. मग मोजता येईनात.

"बोला ना काही, आबा," ती म्हणाली.

"गप," आबा म्हणाले.

*

पाट दोन तासांत आटला. पाटकरी सायकल टाकून धावत आला, उचललेलं दार पाहिलं, कपाळाला हात लावला आणि तसाच परत गेला. दिवस मावळायच्या आत साहेबांची गाडी आली.

साहेब वयाने त्यांच्या लेकीएवढेच असतील. बुटांना चिखल लागू नये म्हणून दगड शोधत शोधत ते बंधाऱ्यावर आले.

"कोणी उचललं?"

"मी," नवरा म्हणाला.

"कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या."

"फार मोठा झालास. आता उतरव. माझ्यासमोर."

दारवाली पुढे झाली, पण नवऱ्याने हात आडवा केला. तो चाकापाशी गेला, दांडा धरला. एक फेरा फिरला. उतरवायला जोर कमी लागतो, तरी दुसऱ्या फेऱ्याला त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. तिसऱ्याला तोंडातून जनावरासारखा आवाज निघाला आणि तो गुडघ्यांवर आला. दांडा त्याने सोडला नव्हता. दांड्याला लटकून होता.

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली, त्याला कठड्याला टेकवून बसवलं, आणि चाक हातात घेतलं. तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या. साहेब बघत होते. पाटकरी बघत होता. ती उरलेले सगळे फेरे न थांबता फिरवत राहिली आणि दार तळाला टेकल्याचा दणका आल्यावर बाजूला झाली.

"किती दिवस चाललंय हे?" साहेबांनी विचारलं.

"चार वर्षं."

"आणि सह्या?"

"सह्या त्यांच्याच."

साहेब पाटकऱ्याकडे वळून म्हणाले, "तुला माहीत होतं?"

पाटकरी पाण्याकडे बघत म्हणाला, "मी फक्त चहाला येतो, साहेब."

*

कागद सहाव्या दिवशी आला. आठ दिवसांत घर खाली करा. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची पाळी दोन दिवस चुकली होती. त्याने येऊन अंगणात उभं राहून शिव्या दिल्या आणि दारवालीने त्या ऐकून घेतल्या. त्याचंही खोटं नव्हतं.

बावीस वर्षांचा संसार एका होडीत मावला. खालच्या वस्तीत भावाच्या घरामागे एक खोली होती, त्यात जाळी ठेवायचे. जाळी बाहेर आली, माणसं आत गेली. भावजय दिवसभर भांड्यांचा जरा जास्तच आवाज करायची. नवरा ओट्यावर बसून जाळी विणायला शिकला. त्याची बोटं वहीत अक्षरं काढायला सरावलेली. गाठी बारीक आणि सारख्या पडायच्या. आबा त्या उलटसुलट करून बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत, म्हणजे बरं आहे.

दारवालीला मात्र स्वस्थ बसवेना. पाणी निवळल्यावर ती तीनदा नदीकाठाने वर चालत गेली, बंधाऱ्याच्याही पुढे, जिथे नदी गोट्यांवरून पसरट वाहते. पहिल्या दोन खेपांना काही दिसलं नाही. तिसऱ्या खेपेला, एका उथळ खळग्यात, तिची सावली पडताच पाण्याचा एक तुकडा थरथरला. नखाएवढी पिल्लं होती, काचेसारखी, नुसते डोळे दिसणारी. शेकडो असतील. ती पालथी पडून तास-दोन तास बघत राहिली.

"मिशाळांचीच?" आबांनी विचारलं.

"कसं ओळखायचं?"

"इतक्यात नाही ओळखता येत. दुसऱ्या कुणाचीही असतील." थोड्या वेळाने म्हणाले, "पण गोट्यांत होती ना?"

"गोट्यांतच."

आबा त्या दिवशी दोनदा जेवले.

नव्या दारवाल्याने पाच आठवडे काढले. तरणाबांड गडी होता. चाक त्याला जड नव्हतं, पण एकांत जड झाला. एका सकाळी तो किल्ली पाटकऱ्याच्या सायकलला अडकवून निघून गेला. त्यानंतर चौथ्या दिवशी पाटकरी वस्तीवर आला. या वेळी चहा मागण्याआधी बोलला.

"वहिनी, साहेबांनी विचारलंय. माणूस मिळेपर्यंत चाक तुम्ही बघाल का? तुमच्या नावावर. सही तुमची."

नवऱ्याच्या हातातली सुई थांबली. भावजयीच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

"बघेन," दारवाली म्हणाली. "पण मिशाळ चढतात ते तीन दिवस दार वर राहील. हे लिहून द्या."

"असं कसं लिहून देतील? माशांसाठी दार उघडा असा कागद कोणत्या कचेरीने काढलाय?"

"मग दुसरा माणूस बघा."

पाटकरी गेला. रात्री नवरा म्हणाला, "घर परत मिळत होतं." ती म्हणाली, "माहीत आहे." त्याने जाळं पुढे ओढलं. त्यानंतरचे नऊ दिवस तिने होडीला डांबर फासण्यात, ते खरवडण्यात आणि पुन्हा फासण्यात काढले.

दहाव्या दिवशी पाटकरी कागद घेऊन आला. तिला अक्षरं यायची, पण टंकलेली सरकारी भाषा उमगायची नाही. नवऱ्याने कागद उजेडाकडे धरला आणि वाचला:

"'नदीला नवे पाणी आल्यावर बंधाऱ्यात साचलेला गाळ वाहून जावा, या कारणास्तव दरवर्षी सलग तीन दिवस दार पूर्णपणे उचलून ठेवावे. दिवस कोणते ते दारचालकाने जागेवर ठरवावे. पाटाच्या पाळ्या त्यानुसार आधीच लावून घ्याव्यात.' खाली साहेबांची सही."

"मिशाळ कुठे आहे यात?"

"नाही. गाळ आहे."

"पुन्हा बघा."

त्याने खरंच पुन्हा पाहिलं, पाठीमागूनसुद्धा. "गाळच आहे."

पाटकरी जमिनीकडे बघत गालातल्या गालात हसत होता. दारवालीने कागद घेतला, ओट्यावर पसरला आणि सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर दाबून. मग ती ओट्याच्या टोकाला उन्हात डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्याकडे गेली आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली:

"आबा, सरकारने तुमच्या मिशाळाचं नाव गाळ ठेवलंय."

आबांनी डोळे उघडले. जरा विचार केला.

"ठेवू दे," ते म्हणाले. "त्याला कुठे वाचता येतं?"